एका मलमाची जमा आणि नावे

लग्नसराई तोंडावर आली की घरोघरी दोन याद्या निघतात. एक आहेर-मानपानाची आणि दुसरी चेहऱ्याची. ही दुसरी यादी पूर्वी नवरीपुरती असे. आता तीत आई, मावशी, आत्या यांची नावे येतात आणि अलीकडे काका-मामाही फारसा संकोच न करता आपले नाव घालतात. मोठ्या शहरांतील दुकानांत काचेच्या लहान बाटल्या मांडलेल्या असतात. बोटभर द्रवाची किंमत ऐकून जुन्या पिढीतील गृहिणी बाटली पुन्हा फळीवर ठेवते, सून मात्र ती उचलते. त्याच रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात, आतल्या खणात, मुरुमांचे औषध म्हणून एक साधी नळी पडलेली असते. वैद्यकीय चिठ्ठीवाचून ती देऊ नये असा नियम आहे. ‘रेटिनॉल’ हे नाव मिरवणाऱ्या त्या महागड्या बाटल्यांची सारी पत ज्या संशोधनावर उभी आहे, ते संशोधन मुख्यतः या नळीतील द्रव्याचे आहे. त्या द्रव्याचे नाव ट्रेटिनॉइन.

माल हातात घेतल्यावर त्याची आवक कोठून झाली हे विचारण्याची सवय व्यापारी घरांना असतेच. या मालाची आवक विचारली, तर उत्तर प्रयोगशाळा, तुरुंग, शेअरबाजार आणि न्यायालय अशा चार ठिकाणी फिरवून आणते.

प्रारंभ अन्नापासून झाला. १९१३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे एल्मर मॅककॉलम आणि मार्गारेट डेव्हिस यांना लोण्यात व अंड्याच्या बलकात वाढीसाठी आवश्यक असा एक अज्ञात घटक आढळला. त्यालाच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणू लागले. १९२५ मध्ये वोल्बॅक आणि हाउ या संशोधकांनी हे जीवनसत्त्व तोडलेल्या उंदरांच्या शरीरातील मऊ अस्तरे शिंगासारखी कठीण होत जातात हे दाखविले. त्वचेचे आणि या जीवनसत्त्वाचे काही नाते आहे, हे तेव्हा ध्यानी आले. पॉल कॅरर यांनी १९३१ मध्ये त्याची रासायनिक रचना उलगडली, आणि १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील रॉश कंपनीच्या ओटो आयस्लर यांनी ते कारखान्यात बनविण्याची रीत बसविली. तोवर हे जीवनसत्त्व प्रामुख्याने माशांच्या यकृताच्या तेलातून काढले जाई. शाकाहाराचा कटाक्ष असणाऱ्या घरांसाठी ही नोंद महत्त्वाची आहे. मलमाच्या आधारद्रव्यात वापरलेली स्निग्धाम्ले वनस्पतीची की प्राण्याची, हा प्रश्न मात्र त्या त्या कंपनीला स्वतंत्रपणे विचारावा लागतो, आणि विचारणारे ग्राहक वाढले की कंपन्या उत्तरे देऊ लागतात, असा अनुभव इतर मालांच्या बाबतीत आहेच.

‘अ’ जीवनसत्त्वाचे शरीरात एका आम्लात रूपांतर होते. हेच आम्ल म्हणजे ट्रेटिनॉइन. ते थेट त्वचेवर लावण्याचा प्रयत्न जर्मनीतील गुंटर श्टुटगेन यांनी १९६२ च्या सुमारास केला. त्वचा कोरडी, खवलेदार होण्याच्या विकारांत गुण दिसे, परंतु कातडी लाल होई, सोलवटे. इतरांना जो दोष वाटला, त्यात एका माणसाला उपयोग दिसला. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट क्लिगमन हे ते गृहस्थ. सोलवटते आहे, तर मुरुमांनी बुजलेली छिद्रेही मोकळी होतील, असा त्यांचा तर्क. १९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह तो निबंधरूपाने मांडला, आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘रेटिन-ए’ या नावाच्या मलमास मुरुमांसाठी मान्यता दिली. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील ऑर्थो या कंपनीने ते बाजारात आणले.

येथवरची हकिकत उद्यमशील, हुशार माणसाची वाटते, आणि क्लिगमन तसे होतेही. १९१६ मध्ये फिलाडेल्फियात, स्थलांतरित ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपण ओढगस्तीचे. प्रथम त्यांनी वनस्पतिशास्त्रात, बुरशी या विषयावर डॉक्टरेट मिळविली आणि नंतर वैद्यकाची पदवी घेतली. बुरशीच्या या ज्ञानामुळेच १९५१ मध्ये शहराच्या होम्सबर्ग तुरुंगाने त्यांना बोलावले. कैद्यांच्या पायांना बुरशीचा संसर्ग झाला होता. आत पाऊल टाकल्यावर त्यांना जे दिसले ते त्यांनी पुढे १९६६ मध्ये एका वृत्तपत्र-प्रतिनिधीला सांगितले. त्यांना माणसे दिसली नाहीत, एकरांच्या एकर पसरलेली त्वचा दिसली. शेतकऱ्याला प्रथमच सुपीक जमीन दिसावी तसे वाटले. गुन्हा केल्याच्या आरोपावरून कोंडलेल्या, जामिनास पैसे नसलेल्या शेकडो पुरुषांबद्दलचे हे उद्गार आहेत. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे होते, आणि कित्येकांचा खटला अजून उभाही राहिला नव्हता.

पुढची तेवीस वर्षे ही जमीन कसली गेली. कैद्याच्या पाठीवर चिकटपट्ट्यांनी बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात वेगळे द्रव्य लावायचे आणि त्वचा किती पोळते ते मोजायचे. साबण, सुगंधी द्रव्ये, प्रसाधने, औषधे, जंतू असे कायकाय त्या चौकोनांवर तपासले गेले. डाऊ केमिकल कंपनीसाठी डायॉक्सिन हे जहाल विष कैद्यांच्या त्वचेवर लावले गेले. लष्करासाठी मनावर परिणाम करणाऱ्या रसायनांचे प्रयोग झाले. ‘रेटिन-ए’च्या सुरुवातीच्या चाचण्यांपैकी काही याच भिंतींच्या आत झाल्या. कैदी सह्या करीत असत, हे खरे. परंतु कशावर सही करीत आहोत हे त्यांतील अनेकांना वाचताही येत नव्हते, आणि तुरुंगातल्या इतर कामाला दिवसाला काही सेंट मिळत असताना प्रयोगाला डॉलर मिळत. ज्याच्यापुढे दुसरा धंदाच नाही, त्याने मान्य केलेल्या भावाला बाजारभाव म्हणता येत नाही, हे कर्जप्रकरणे हाताळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

१९६६ मध्ये औषध प्रशासनाने क्लिगमन यांच्या नोंदींत विसंगती आढळल्यावरून त्यांना नव्या औषधांच्या चाचण्या करण्यास मनाई केली. काही आठवड्यांतच ती उठली. वह्या जुळत नसलेल्या शाखेला एका महिन्यात पुन्हा व्यवहार सुरू करण्याची परवानगी मिळावी, तसला हा प्रकार. १९७१ मध्ये अॅलन हॉर्नब्लम नावाचा एक तरुण प्रौढ कैद्यांना लिहायला-वाचायला शिकविण्यासाठी होम्सबर्गमध्ये आला. कोठड्यांतून पाठी-दंडांवर पट्ट्या चिकटवलेली माणसे हिंडताना पाहून प्रथम त्याला वाटले, येथे मोठी मारामारी झाली असावी. चौकशी केल्यावर उत्तर मिळाले की विद्यापीठाचे प्रयोग चालू आहेत. त्याने ही गोष्ट विसरली नाही. कृष्णवर्णीय रुग्णांना उपदंशावरील उपचारापासून वंचित ठेवणारा टस्कीगीचा प्रयोग १९७२ मध्ये उघडकीस आल्यावर देशभर गदारोळ झाला आणि १९७४ मध्ये होम्सबर्गमधील प्रयोग बंद पडले. हॉर्नब्लम यांचे सविस्तर पुस्तक मात्र १९९८ मध्ये आले.

दरम्यान मलमाचे भाग्य उघडले होते. मुरुमांसाठी ते लावणाऱ्या मध्यमवयीन स्त्रिया डॉक्टरांना सांगू लागल्या की मुरुमे तर गेलीच, पण डोळ्यांभोवतीच्या बारीक रेषाही पुसट झाल्या, चेहरा गुळगुळीत वाटतो, रंग एकसारखा झाला. प्रथम हे सौजन्य समजले गेले. मग क्लिगमन यांच्या पत्नी डॉ. लोरेन क्लिगमन यांनी अतिनील किरणांखाली ठेवलेल्या केशहीन उंदरांवर प्रयोग करून दाखविले की त्वचेखालचा आधार देणारा थर या द्रव्याने पुन्हा भरून येतो. १९८६ मध्ये क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी माणसांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली.

निर्णायक चाचणी मिशिगन विद्यापीठातील डॉ. जॉन व्होरहीस यांच्या गटाने केली आणि तिची मांडणी दाद देण्याजोगी आहे. तीस व्यक्ती, सोळा आठवडे. एका हाताच्या पुढच्या भागावर ट्रेटिनॉइन, दुसऱ्यावर औषध नसलेले तेच मलम. कोणत्या हातावर काय, हे ना रुग्णाला माहीत ना तपासणाऱ्याला. म्हणजे प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडून पाहिला गेला. औषध लावलेल्या सर्व हातांवर सुधारणा दिसली. ज्या पंधरा जणांच्या चेहऱ्यावर औषध लावले त्यांपैकी चौदा जणांत फरक पडला, आणि नुसते मलम लावलेल्या चेहऱ्यांत एकाही ठिकाणी नाही. जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात हे छापून आले. त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, जो जाहिरातींत कधी दिसला नाही : ९२ टक्के लोकांच्या त्वचेला दाह झाला. आता ज्या हाताची कातडी लाल होऊन सोलवटते त्यावरच औषध आहे, हे कोणालाही कळेल. तेव्हा ‘कोणालाच माहीत नव्हते’ या अटीला तेवढी चीर पडली, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे होते आणि ते अगदीच फोल म्हणता येणार नाही. पुढच्या मोठ्या चाचण्यांनी मात्र मूळ निष्कर्ष टिकून राहिला.

बातमी पसरताच जॉन्सन अँड जॉन्सनच्या समभागाचा भाव चढला. औषधांच्या दुकानांतील मुरुमांचे मलम संपले. सुरकुत्यांसाठी त्याला मान्यता नव्हती. डॉक्टर आपल्या अधिकारात ते लिहून देऊ शकत, कंपनीला मात्र त्या उपयोगाचा प्रचार करण्यास कायद्याने बंदी होती. तो प्रचार कंपनीने केला का, याची चौकशी सरकारने सुरू केली, तेव्हा ऑर्थो कंपनीत कागदपत्रे नष्ट करण्यात आली. जानेवारी १९९५ मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड व खर्च मिळून ७५ लाख डॉलर भरावे लागले. पेटंटच्या उत्पन्नावरून विद्यापीठाने स्वतःच्याच प्राध्यापकावर आणि कंपनीवर दावा लावला होता, तो तडजोडीने मिटला. आणि १९९५ संपता संपता त्याच कंपनीच्या त्याच द्रव्याला, ‘रेनोवा’ या नव्या नावाने, सूर्यप्रकाशाने पडलेल्या बारीक सुरकुत्यांसाठी मान्यता मिळाली. मान्यतेबरोबर जी माहितीपत्रिका आली ती वाचनीय होती. हे मलम सुरकुत्या नाहीशा करीत नाही आणि उन्हाने बिघडलेली त्वचा पूर्ववत करीत नाही, असे तीत स्पष्ट छापले होते. बारीक रेषा, ठिपकेदार काळसरपणा आणि खरखरीतपणा यांत काहीशी घट, एवढाच तिचा दावा. आज काचेच्या बाटलीवर ‘दहा वर्षांनी तरुण’ असे वाचले की ती पत्रिका आठवावी.

द्रव्य काम कसे करते, हे मागाहून उलगडत गेले. त्वचेच्या खालच्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. घराच्या भिंतीतील सळ्यांसारखे. ऊन पडले की काही तासांतच हे धागे कापणारी विकरे वाढतात. रोजचा कापकूप थोडा, पण तीस-चाळीस वर्षांत भिंत ढिली होते. ट्रेटिनॉइन या विकरांना आवर घालते आणि नवे धागे विणण्यास चालना देते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा ते बारा महिने औषध लावलेल्या त्वचेत कोलॅजनची घडण ८० टक्क्यांनी वाढलेली आढळली, तर नुसते मलम लावलेल्यांत ती १४ टक्क्यांनी घटली होती. दहा ते बारा महिने हे शब्द लग्नाच्या तीन आठवडे आधी दुकानात जाणाऱ्यांनी दोनदा वाचावेत. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा सुधारण्याऐवजी बिघडतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तर दाहाचे काळे डाग मागे राहण्याचा धोका अधिक असतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ कमी तीव्रतेचे मलम, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सर्व चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढे आणि प्रारंभी दिवसाआड लावावयास सांगतात. गरोदर स्त्रीने अथवा गर्भधारणेचा विचार असलेल्या नववधूने ते लावू नये. लग्नाच्या यादीत हे मलम घालणाऱ्यांच्या ध्यानी नेमकी हीच गोष्ट राहत नाही.

रेटिनॉल हे त्याचे सौम्य भावंड. त्वचेत शिरल्यावर त्याचा थोडा अंश ट्रेटिनॉइनमध्ये बदलतो, म्हणून दाह कमी आणि गुणही कमी. ते प्रसाधन म्हणून विकता येते, औषध म्हणून सिद्ध करावे लागत नाही. या मधल्या प्रांताला ‘कॉस्मेस्युटिकल’ हे नाव रूढ केले तेही क्लिगमन यांनीच. कायद्यात त्या नावाचा वर्ग नाही, दुकानांत मात्र आहे.

भारतात या संशोधनाची एक वेगळी फांदी आली, आणि ती कडू निघाली. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी काळे डाग फिके करण्यासाठी तीन द्रव्यांचे मिश्रण सुचविले : ट्रेटिनॉइन, रंगद्रव्य रोखणारे हायड्रोक्विनोन आणि दाह शमविणारे स्टिरॉइड. वांगासारख्या विकारावर, काही आठवड्यांपुरते, डॉक्टरच्या देखरेखीखाली ते उपयुक्त आहे. योगायोग असा की त्याच वर्षी हिंदुस्थान लिव्हरने गोरेपणाचे वचन देणारी ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. तिच्यात ही औषधे नव्हती, परंतु तिने वाढविलेल्या भुकेवर तिहेरी मिश्रणांच्या नळ्या गावोगावी खपल्या. शेजारणीने सांगितले, दुकानदाराने दिली, चेहरा पंधरा दिवसांत उजळला आणि मग नळी सुटेना. महिनोन्महिने स्टिरॉइड लावलेली त्वचा पातळ होते, लालबुंद होते, मुरुमे व लव येते. बंद केले की आगआग होते, म्हणून पुन्हा तीच नळी. उपवर मुलीचा चेहरा असा बिघडला की घरात ज्या कुजबुजी सुरू होतात त्यांचे वर्णन करण्याची गरज नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीवाचून विकण्याची वाट बंद केली. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्दही गेला. औषधांची दुकाने चालविणारी कुटुंबे या नियतकालिकाच्या वाचकांत थोडी नाहीत. नियम कागदावर आला तरी नळी गिऱ्हाइकाच्या हाती देताना निर्णय गल्ल्यावर बसलेल्यालाच करावा लागतो.

प्राण्यांवरील प्रयोगांचा मुद्दा अनेक घरांत प्रथम विचारला जातो. भारतात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास २०१४ मध्ये बंदी आली, आणि त्याच वर्षी अशी चाचणी झालेल्या प्रसाधनांच्या आयातीसही. औषधे या बंदीत येत नाहीत. ट्रेटिनॉइन औषध आहे. त्याच्या इतिहासात केशहीन उंदीर आहेत, आणि होम्सबर्गचे चौकोनही.

या सर्वांपेक्षा स्वस्त आणि निरुपद्रवी असा एक उपाय आहे, त्याची जाहिरात मात्र सुरकुत्यांसाठी फारशी होत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये नॅम्बोर या गावी १९९२ ते १९९६ या काळात ५५ वर्षांखालील ९०३ व्यक्तींवर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून काहींना रोज नेमाने सनस्क्रीन लावण्यास सांगितले, इतरांना आपापल्या मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांनी हाताच्या पाठीचे ठसे घेऊन तपासले, तेव्हा रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी आढळले. छत्री, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावरचा पदर यांचा असा हिशोब कोणी मांडलेला नाही. मांडला तर जुन्या पिढीची बाजू बरीच जमेची निघावी.

क्लिगमन २०१० मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. आपले प्रयोग त्या काळच्या रीतीस धरून होते आणि कोणाला कायमची इजा झाल्याचे आपल्या माहितीत नाही, असे ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. माणसांवरील प्रयोगांना खुली, स्वेच्छेची संमती हवी हे न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनी १९४७ मध्येच, म्हणजे क्लिगमन वैद्यकाची पदवी घेत होते त्याच वर्षी, लिहून ठेवले होते. २००३ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स या जुन्या संस्थेने त्यांचा गौरव केला होता. २०२३ मध्ये त्याच संस्थेने त्याबद्दल क्षमा मागितली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०२१ मध्ये क्षमा मागून त्यांच्या नावाची व्याख्यानमाला थांबविली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहराने माफी मागितली. त्याआधी, २००० मध्ये, सुमारे तीनशे माजी कैद्यांनी शहर, विद्यापीठ, कंपन्या आणि क्लिगमन यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. दावा करण्याची मुदत टळून गेली या कारणाने तो फेटाळला गेला. शहराच्या माफीसोबत भरपाईची कोणतीही रक्कम आली नाही.